मेगावॉट म्हणजे किती?



मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे आता बऱ्याच ग्रामसभांत 'पाच मेगावॉटचा प्रकल्प' असे शब्द कानावर पडतात. जमीन मात्र आपली असते, कधी गायरान, कधी सातबाऱ्यावरची. म्हणून हा आकडा आपण बायकांनीही नीट समजून घेऊया.

मेगावॉट ही ताकद. हजार वॉटचा एक किलोवॉट, हजार किलोवॉटचा एक मेगावॉट. युनिट वेगळं. एक किलोवॉटची ताकद तासभर चालली की एक युनिट होतं. पिठाची गिरणी आठवा. तासाला किती दळू शकते, ही तिची ताकद. दिवसभरात खरं दळण किती झालं, ते युनिट.

पाच मेगावॉट ही कडक उन्हातली ताकद. सकाळ-संध्याकाळी ती कमी, ढग आले की आणखी कमी, रात्री शून्य. आपल्याकडे एका मेगावॉटमागे वर्षाला साधारण 15 ते 16 लाख युनिट मिळतात, म्हणजे दिवसाला सरासरी चार हजारांच्या थोडं वर. चोवीस तास पूर्ण ताकद मिळाली असती, तर 24 हजार झाली असती. म्हणून 'प्रकल्प आला की रात्रंदिवस वीज' असं कुणी सांगितलं, तर मान डोलवायची नाही. ही योजना शेतीपंपाला दिवसा वीज देण्यासाठी आहे.

आता कागदातली मेख. प्लेटांमधून डीसी वीज निघते, इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि ती सबस्टेशनला जाते. प्लेटांची ताकद सात मेगावॉट आणि पुढे जाणारी पाच, असं असू शकतं. त्यात फसवणूक नाही, पण आकडा कुठला ते विचारायचं. कारण जमीन प्लेटांना लागते. मेगावॉटला साधारण चार-पाच एकर धरतात. प्लेटा वाढल्या की जमीनही वाढते.

योजनेत खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असं ठरलेलं आहे. ते हेक्टरवर आहे, मेगावॉटवर नाही. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारूया: मेगावॉट एसी की डीसी? वर्षाला युनिट किती? करारात मोजणीप्रमाणे क्षेत्र किती?

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवूया, आणि ग्रामसभेला मिळूनच जाऊया.