प्रवाळटाकीतली वाळू: आधी कण, मग थर

घरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी उभारायला निघालेला माणूस काचेच्या जाडीची चौकशी महिनाभर करतो. दिव्यांचे तक्ते पाठ करतो, पंप किती आवाज करतात हे दहा जणांना विचारतो. वाळूची पाळी येते सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा निकष एकच उरलेला असतो: पांढरीशुभ्र, बारीक, दिसायला सुरेख. या घाईची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. दिवा बदलता येतो, पंप बदलता येतो. पण शे-सव्वाशे किलो वाळू पसरली, वर खडक उभे राहिले, पाणी भरले, मासे आणि प्रवाळ आत स्थिरावले, की मग ती वाळू बदलायची म्हणजे अख्खी टाकी मोडायची. म्हणून आजचे व्याख्यान दिवे आणि पंप बाजूला ठेवून केवळ तळाबद्दल आहे.

प्रवाळटाकीत पसरतात ती वाळू बहुतेक वेळा ॲरागोनाइटची असते. ॲरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे एक स्फटिकरूप. प्रवाळाचा सांगाडा त्याचाच आणि बऱ्याच शिंपल्यांचा आतला चकचकीत थरही त्याचाच. या वाळूचा सर्वांत प्रसिद्ध उगम म्हणजे बहामा बेटांभोवतीचा उथळ समुद्र. तिथले पाणी उबदार आहे आणि त्यात चुना इतका भरलेला आहे, की भरती-ओहोटीबरोबर तळावर गडगडणाऱ्या कणाभोवती त्याची पुटे चढत जातात. मध्ये शिंपल्याचा एखादा कपचा किंवा एखाद्या जीवाच्या विष्ठेची बारीकशी गोळी, आणि तिच्याभोवती एकावर एक वर्तुळाकार थर. अशा गोल, गुळगुळीत कणांना ऊऑइड म्हणतात. बिमिनी बेटांच्या दक्षिणेला ओशन के नावाचे एक बेट १९६० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळ उपसून मुद्दाम तयार करण्यात आले, ते हेच ॲरागोनाइट काढण्यासाठी. उद्योगासाठी हजारो टन माल तिथून गेला. पुढे एका क्रूझ कंपनीने ते बेट घेतले आणि २०१९ पासून तिथे पर्यटक उतरू लागले.

प्रवाळ बेटांवरची वाळू याहून वेगळ्या वाटेने तयार होते, आणि ती वाट ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी मेलेला प्रवाळ आणि त्यावरचे शेवाळ खरवडतो, घशातल्या दातांनी त्याचे पीठ करतो आणि न पचलेला चुना वाळू म्हणून बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या प्रवाळकड्यावर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांनी केलेली असल्याचे त्यात आढळले. उरलेल्या वाळूत मोठा वाटा हॅलिमेडा या चुनखडी शेवाळाच्या चकत्यांचा. पिशवीतली प्रवाळवाळू भिंगाखाली धरली, तर यांतल्या बऱ्याच गोष्टी ओळखता येतात: चकत्या, शंखांचे कपचे, समुद्री साळींच्या काट्यांचे तुकडे. दुकानातून एक किलो आणून अर्धा तास ती नुसती पाहावी, इतकी ती पाहण्याजोगी आहे.

आता एका गैरसमजाबद्दल. ॲरागोनाइटची वाळू पाण्याचा पीएच सांभाळते आणि प्रवाळाला कॅल्शियम पुरवते, असे पिशव्यांवर छापलेले असते. सामान्य समुद्री पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, लिटरमागे ४०० मिलिग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते, आणि ते पाणी ॲरागोनाइटने आधीच अतिसंपृक्त असते. त्यात वाळू विरघळायला जागाच नाही. थराच्या खोलात जीवाणूंच्या श्वसनाने पाणी आम्लाकडे झुकते, तिथे ती थोडी विरघळते, पण वाढत्या प्रवाळाची भूक भागेल इतकी कधीच नाही. म्हणून कॅल्शियम रिॲक्टरमध्ये याच ॲरागोनाइटवर कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच पार साडेसहाच्या जवळ आणावा लागतो. टाकीत तसे करता येत नाही. वाळू घ्यायची ती तिच्या कणासाठी, थरासाठी आणि तिच्यात राहणाऱ्या जीवांसाठी.

मराठी श्रोत्याच्या मनात इथे एक प्रश्न हमखास येतो. एवढा लांब किनारा आपल्याकडे असताना वाळू विकत कशाला घ्यायची? मालवणहून येताना दोन पोती आणली तर काय बिघडले? पहिली अडचण कायद्याची. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उपसण्याला मनाई आहे. अपवाद थोडे आहेत आणि तेही परवानगीचे. लक्षद्वीपहून प्रवाळाचे तुकडे आणणे तर त्याहून गंभीर, कारण २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्या कायद्याच्या कक्षेत येतो. भारतात ही हौस करू पाहणाऱ्याने टाकीत काय ठेवता येते याची कायदेशीर चौकशी काच कापायला देण्याआधीच करावी.

दुसरी अडचण वाळूचीच आहे. कोकणातल्या वाळूत क्वार्ट्झ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, आणि त्यात काळे जड कण मिसळलेले असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे इल्मेनाइटचे साठे भूशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहेत, आणि त्याच्याबरोबर मॅग्नेटाइटही सापडतो. हे लोहकण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि चुंबक फिरवला की काचेवर कायमचे ओरखडे उमटवतात. पंपाच्या चुंबकी पात्याभोवतीही तेच गोळा होतात. वाळू कुठूनही आलेली असो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक चांगला चुंबक तिच्यातून फिरवून पाहावा. चुना आहे की नाही हे पाहायला चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. फसफसली तर कार्बोनेट, शांत राहिली तर क्वार्ट्झ. क्वार्ट्झ विषारी मुळीच नाही. त्यातली सिलिका विरघळून तपकिरी शेवाळ माजते ही भीतीही अवास्तव आहे, कारण क्वार्ट्झ पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मात्र त्याचे काही कण टोकदार असतात, आणि तळात पोट घासत फिरणाऱ्या जीवांना ते सोसत नाहीत.

आता मुख्य निर्णय, कणाचा. चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९२२ साली मांडलेली मोजपट्टी आजही वापरात आहे. पाव ते अर्धा मिलिमीटर म्हणजे मध्यम वाळू, अर्धा ते एक म्हणजे जाड, एक ते दोन म्हणजे फार जाड, आणि दोनच्या वर गेले की ती वाळू राहत नाही, खडी होते. या व्यवसायात एक मिलिमीटरच्या आतल्या वाळूला ‘शुगर साइज’ म्हणतात. ती दिसायला सुंदर असते. पण ॲक्रोपोरासारख्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाला जोराचा, दिशा बदलणारा प्रवाह लागतो. मोठ्या टाकीत तसा प्रवाह द्यायचा तर लाटा करणारे दोन-चार ताकदीचे पंप आले. त्यांच्यासमोर बारीक वाळू टिकत नाही. एका कोपऱ्यात ढीग होतो, दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी पडते, आणि उडालेले कण प्रवाळाच्या अंगावर बसून त्याला श्लेष्मा सोडायला लावतात. मग हौशी माणूस पंप मंद करतो आणि प्रवाळाची वाढ खुंटते.

उलट टोकाला जाऊन तीन-चार मिलिमीटरची कुटलेली प्रवाळखडी घेतली, तर ती उडत नाही, पण तिच्या फटींत खाद्य आणि विष्ठा खोलवर जाऊन साचते. वाळूवर राबणाऱ्या गोगलगायींना ती उकरता येत नाही. रात्री वाळूत शिरून झोपणाऱ्या रॅस माशांची तर पंचाईतच होते. हॅलिकोइरीस किंवा मॅक्रोफॅरिंगोडॉन जातीचा रॅस दिवे मंदावले की डोके खाली करून वाळूत घुसतो. त्याला मऊ, बारीक आणि निदान पाच सेंटिमीटर खोल थर लागतो, नाहीतर तो अंग सोलून घेतो. व्हॅलेन्सिएनिया जातीचा गोबी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून चाळतो, त्यालाही जाड कण चालत नाहीत. जबड्याने बीळ खणणाऱ्या जॉफिशला मात्र बारीक वाळूबरोबर शिंपल्यांचे तुकडे आणि बारीक खडेही हवेत, म्हणजे बिळाच्या भिंती कोसळत नाहीत. तेव्हा वाळूची पिशवी निवडण्याआधी टाकीत कोण राहणार याची यादी कागदावर लिहिलेली असावी. जोरदार प्रवाहाच्या मिश्र टाकीला एक ते दोन मिलिमीटरचा कण बहुधा सर्वांत समाधानकारक ठरतो. रॅस ठेवायचेच असतील तर प्रवाहाच्या आडोशाला एक कोपरा बारीक वाळूचा करता येतो.

थर किती जाड, यावर या छंदात पन्नास वर्षे भांडणे झाली आहेत. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातले जिवंत खडक, वाळू आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे पीटर विल्केन्स आणि डिट्रिख श्ट्यूबर यांच्या नावाशी जोडलेली बर्लिन पद्धत आली. तिच्यात खडक आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र, यांच्यावर भर, वाळू थोडी किंवा नाहीच. नीस विद्यापीठाचे ज्याँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली जाळी बसवून तिच्याखाली पाण्याची पोकळी ठेवण्याची पद्धत मोनाकोत यशस्वी करून दाखवली. त्यानंतर प्राणिशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी पोकळीशिवायच्या, दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जाड बारीक वाळूच्या थराचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यामागचे कारण साधे आहे. वरच्या, प्राणवायू असलेल्या भागात जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. खाली प्राणवायू संपतो तिथे दुसरे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो पाण्याबाहेर घालवतात. रॉबर्ट टूनन आणि ख्रिस्टोफर वी यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या जाडीचे आणि कणांचे थर पोकळीसह आणि पोकळीशिवाय तुलना करून पाहिले. पोकळीने म्हणावा तसा फरक पडल्याचे दिसले नाही.

जाड थराचा एक धोका मात्र खरा आहे. त्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो, काळे पट्टे दिसतात, आणि जुना थर कोणी एकदम उकरला तर कुजक्या अंड्याच्या वासाबरोबर टाकीही हातची जाऊ शकते. म्हणून सरसकट घरगुती टाकीसाठी तीन ते पाच सेंटिमीटरचा, साफ करता येणारा थर बरा. नायट्रेट आटोक्यात ठेवायला खडक आणि स्किमर पुरेसे आहेत. ज्याला जाड थराचाच प्रयोग करायचा आहे, त्याने तो खालच्या वेगळ्या टाकीत करावा, म्हणजे नको झाला तर काढता येतो.

हिशेबही करून टाकू. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी घ्या. म्हणजे साधारण २४० बाय ७५ बाय ६० सेंटिमीटर, सुमारे १,०८० लिटर. पाच सेंटिमीटरच्या थराला ९० लिटर वाळू लागते. सुकी ॲरागोनाइट वाळू लिटरमागे साधारण दीड किलो धरली, तर ती १३५ किलो होते. थर दहा सेंटिमीटरचा केला की २७० किलो. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून दीड टनाच्या आसपासचे ओझे वीस चौरस फुटांवर येते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याखेरीज हे करू नये.

सुकी वाळू धुण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. बादलीत एका वेळी पाचेक किलो वाळू घ्यावी, पाणी सोडावे, हाताने तळापासून ढवळावे आणि दुधाळ पाणी ओतून द्यावे. पाणी जवळपास स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचे. १३५ किलोला अशा सत्तावीस खेपा होतात. एकदम अख्खी पिशवी ओतणाऱ्याचे काम निम्मे होत नाही, खालची वाळू न धुता तशीच राहते. साबण अजिबात नको. शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने करावे, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि फॉस्फेट मागे उरत नाही. ॲरागोनाइट फॉस्फेट पृष्ठभागावर धरून ठेवतो आणि पुढे हळूहळू सोडतो, त्यामुळे हा शेवटचा फेरा वगळू नये. ओल्या पिशवीतली ‘लाइव्ह सँड’ मात्र धुवायची नसते, धुतल्यावर ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते जीवाणूच वाहून जातात.

टाकीत आधी खडक बसवावेत, थेट काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या पायांवर, आणि मग त्यांच्याभोवती वाळू पसरावी. वाळूवर खडक ठेवले तर बीळ खणणारा मासा किंवा पिस्तूल कोळंबी त्यांच्याखालचा आधार काढून घेते आणि वीस किलोचा खडक काचेवर आदळतो. टाकीत पाणी असेल तर वाळू रुंद पीव्हीसी पाइपमधून थेट तळाशी सोडावी. कोरडी टाकी भरताना पाण्याची धार एका ताटलीवर पाडावी. पंप बंद ठेवावेत. पहिल्या दिवशी पाणी ढगाळ राहते, कधी तीन दिवसही राहते. पुढे जीवाणूंचा चिकट थर कणांवर चढला की वाळू कमी उडू लागते, म्हणून पंप पहिल्या आठवड्यात मंदच चालवावेत.

मग अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबायचे. चार ते सहा आठवडे लागतात. तपकिरी डायटम येतात आणि जातात. नॅसेरियस गोगलगायी लवकर सोडाव्यात, वाळूत पुरून राहणारे हे जीव सांडलेले खाद्य शोधून खातात. वाळू चाळणारा ॲस्ट्रोपेक्टेन जातीचा तारामासा विकणारा कितीही आग्रह करो, नव्या टाकीसाठी तो टाळावा. तो वाळूतले किडे आणि बारीक शिंपले संपवतो आणि नंतर स्वतः उपासमारीने मरतो. आठवड्याला तळाचा एक चतुर्थांश भाग सायफनने साफ करावा, म्हणजे महिन्यात एक फेरा पूर्ण होतो.

घर बदलायची वेळ आली, तर मासे, प्रवाळ आणि खडक न्यावेत, आणि होईल तितके पाणी पिंपांतून न्यावे. जुनी वाळू तशीच उचलून नव्या टाकीत ओतू नये, तिच्यात साचलेले सगळे एकदम पाण्यात उतरते. नवी वाळू धुऊन पसरावी, आणि जुन्या थराच्या वरच्या बोटभर भागातली एक-दोन वाट्या वाळू तिच्यावर शिंपडावी. नव्या वाळूत जीवाणूंची वस्ती तेवढ्यावर सुरू होते.