एका वर्षाचें प्रमाणपत्र आणि माहितीची राखण



पुण्याहून पौडच्या रस्त्यानें निघून भूगांव, भुकूम मागें टाकलें, कीं मुळशी तालुक्यांतील पिरंगुट लागतें. मूळचा हा भातशेतीचा मुलूख. आज खाचरांच्या शेजारींच कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत. अशा गांवांतील एखादी मुलगी बारावी उत्तीर्ण होते, आणि घरांत प्रश्न उभा राहतो : तीन-चार वर्षें शिकावयाचें, कीं आतांच कमवावयास लागावयाचें? त्यांतून तिची ओढ माहिती-सुरक्षेच्या नव्या विद्येकडे असेल, तर प्रश्न अधिकच बिकट होतो. एका वर्षाच्या अभ्यासानें या विद्येचें पदवीपूर्व प्रमाणपत्र मिळतें, असें तिनें ऐकलेलें असतें. तें कोणत्या अटींवर मिळतें व त्याचें मोल किती, याचा आज आपण विचार करूं.

प्रथम ही विद्या कशाची, तें पाहूं. माहितीचें रक्षण म्हणजे तिला केवळ कुलूप लावणें नव्हे. माहिती परक्याच्या दृष्टीस पडूं नये, ही एक गोष्ट. तिच्यांत कोणीं फेरफार करूं नये, ही दुसरी. आणि ज्याचा अधिकार आहे त्यास ती हव्या त्या वेळीं मिळावी, ही तिसरी. ही कल्पना आपणांस परकी नाहीं. शिवकालीन पत्रांच्या आरंभीं मुद्रा व शेवटीं मोर्तब असे, तें शोभेसाठीं नव्हे. मोर्तबानें पत्राची सीमा ठरे व त्याखालीं कोणास नवी ओळ घुसडतां येत नसे. आजचा संगणक तेंच काम गणिताच्या साह्यानें करतो.

हें काम चुकलें तर काय होतें, हें पुण्यानें ऑगस्ट २०१८ मध्यें पाहिलें. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून अवघ्या तीन दिवसांत ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. तिजोरी कोणीं फोडली नाहीं. एटीएम यंत्र "पैसे देऊं कां?" असें विचारतें, त्याचें उत्तर बँकेकडून आणणारी एक मध्यस्थ यंत्रणा असते. चोरट्यांनीं तिच्या जागीं खोटी यंत्रणा बसविली, आणि ती बँकेस न विचारतांच होकार देत राहिली. सुमारे अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसे निघाले. पुढें २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस शिक्षा सुनावली; ते बहुतेक पैसे काढणारे हस्तक होते.

आतां प्रमाणपत्राच्या अटींकडे वळूं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीशिक्षणाचा आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्र शासनानें एप्रिल २०२३ च्या निर्णयानें तो स्वीकारला, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही तो लागू झाला. त्याप्रमाणें पहिल्या वर्षाच्या दोन सत्रांत किमान ४० श्रेयांक मिळवावे लागतात. महाराष्ट्रांत ही संख्या ४० ते ४४ धरली आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रभर दर आठवड्यास एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक. पंधरा आठवड्यांच्या सत्रांत हे अनुक्रमें पंधरा व तीस तास होतात. हे श्रेयांक केवळ मुख्य विषयाचे नसतात. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, कौशल्याचे विषय व इतर शाखेंतील एखादा विषय, यांचाही त्यांत वांटा असतो.

परंतु एवढ्यानें प्रमाणपत्र मिळत नाहीं, आणि घोटाळा होण्याचा संभव आहे तो येथेंच. वर्ष उत्तीर्ण होऊन जो शिक्षण थांबवितो, त्यानें उन्हाळ्याच्या सुटींत आणखी ४ श्रेयांकांचा व्यवसाय-अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. प्रात्यक्षिकाच्या हिशेबानें हे एकशें वीस तास झाले. ते टाळून जो घरीं बसेल, त्याच्या हातीं गुणपत्रिका राहील, प्रमाणपत्र नव्हे. उलट हे पुरे करून जो जाईल, त्यास तीन वर्षांच्या आंत परत येऊन पुढील शिक्षण सुरू करतां येतें. त्याचे श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढींत जमा राहतात. मात्र संपूर्ण पदवी सात वर्षांच्या आंत पुरी झाली पाहिजे.

यांखेरीज एक अट कोणत्याही नियमपुस्तकाइतकीच महत्त्वाची आहे. या विद्येचा विद्यार्थी कुलपें उघडण्याची कला शिकतो. म्हणून त्यानें सराव स्वतःच्या यंत्रावर किंवा मालकाच्या परवानगीनेंच केला पाहिजे. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमान्वयें, अप्रामाणिक हेतूनें परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकांत शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. "मी शिकत होतों" ही सबब तेथें भरंवशाची नव्हे.

मग एका वर्षाचें मोल किती? एका वर्षांत कोणी तज्ज्ञ होत नाहीं, आणि तसें आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. पहिल्या वर्षांत पाया घातला जातो : संगणकास आज्ञा कशा द्याव्या, यंत्रें एकमेकांशीं कशीं बोलतात, परवलीचे शब्द कसे राखावे. परंतु पिरंगुटच्या एखाद्या लहान कारखान्यांत यंत्रांचीं रेखाचित्रें, गिऱ्हाइकांचीं नांवें व कामगारांच्या पगाराचे हिशेब संगणकांतच असतात. त्यांची दुसरी प्रत रोज वेगळी काढून ठेवणें, नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशीं बंद करणें, संशयास्पद पत्र ओळखून तें वरिष्ठांस दाखविणें, हीं कामें असें शिकलेली मुलगी निश्चित करूं शकेल. आणि अनेकदां कारखाना बुडतो तो हीं साधीं कामें न झाल्यामुळेंच.

म्हणून आईबापांस माझें सांगणें इतकेंच, कीं प्रमाणपत्र हा मुक्काम समजूं नये. ती वाटेवरची धर्मशाळा आहे. अडचण आली तर तेथें अवश्य थांबावें, पण उन्हाळ्याचे ते एकशें वीस तास पुरे करूनच. म्हणजे परिस्थिती सुधारल्यावर पुढची वाट मुलीसाठीं मोकळी राहील.