मेणबत्तीच्या उद्योगात मालाचा भरवसा

कापूस हे आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे धन. परंतु मेणबत्तीला वातीहून मेणच अधिक लागते, आणि ते खनिज तेलातून निघून दूरवरून येते. आसामातील दिग्बोईच्या १९०१ सालापासूनच्या कारखान्यातही ते तयार होते. दागिने गहाण टाकून मांडलेला घरगुती उद्योग दिवाळीच्या तोंडावर मेण न आल्यास बुडावयाचा. म्हणून आमचे सांगणे असे, की व्यापारी दोन असावेत. पोते घेण्यापूर्वी नमुना कागदावर ठेवून पाहावा; तेलकट डाग पडल्यास ते मेण कच्चे समजावे. पैसे ठरल्या दिवशी चुकते करावेत. टंचाईत माल अशाच घरी प्रथम पोहोचतो. मंडळाने सर्वांची खरेदी एकत्र केल्यास लहानांनाही भाव व भरवसा दोन्ही लाभतील.