आधारच्या झेरॉक्सचा कुणी गैरवापर केला तर?

डोळखांबला बाजाराला आलात की रेशनच्या मशीनवर अंगठा, बँक मित्राकडे पैसे काढताना अंगठा, आणि योजनेचा फॉर्म भरायचा तर आधारची झेरॉक्स. या माहितीचा कुणी गैरवापर केला तर त्याला शिक्षा होते का? ते आज पाहू.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू होते. पनवेलकडच्या एका बाईंचा अर्ज काही केल्या पुढे जाईना. कारण त्यांच्या आधार क्रमांकावर कुणीतरी आधीच अर्ज भरला होता. शोध थेट सातारा जिल्ह्यात पोहोचला. इतरांचे आधार क्रमांक वापरून तीसच्या आसपास अर्ज भरल्याच्या आरोपावरून तिथल्या एका माणसाला अटक झाली.

आता कायदा. डेटा संरक्षणाचा नवा कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यातली बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण या कायद्यात कुणालाही तुरुंगवास नाही. शिवाय दंडाची रक्कम जाते सरकारी तिजोरीत, तुमच्या हातात काही पडत नाही.

मग तुरुंगवास कुठे आहे? तो जुन्या कायद्यांत. नोंदणीच्या किंवा अंगठा घेण्याच्या कामात मिळालेली माहिती कुणी जाणूनबुजून भलत्याला दिली, तर २०१६ च्या आधार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद. अधिकार नसताना तो असल्याचे भासवून ओळखीची माहिती गोळा केली, तरी तेवढीच. फसवणुकीने दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

पूर्वी आधार कायद्याखाली फक्त आधार प्राधिकरणच कोर्टात तक्रार करू शकत असे. २०१९ च्या दुरुस्तीने यातल्या बऱ्याच गुन्ह्यांसाठी तो हक्क आधारधारकालाही मिळाला.

तक्रारीसाठी पुरावा हाती असावा, म्हणून झेरॉक्सवर काम आणि तारीख लिहून सही करा. पैसे काढताना अंगठा दिलात, तर पावती मागा. खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन लावा. आणि पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवलात की एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय घरी परतू नका.