वावर खोडलं, फार्महाऊस राहिलं

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं जरा जास्त, कारण फी त्यांनी भरली. हे झालं. आता माझं ऐका.

मी इथल्या, नागपूरच्याच एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर हयात घालवली. टेलिप्रिंटर रात्रभर खडखडत इंग्रजी ओकायचा आणि डाक आवृत्ती सुटायच्या आत त्याचं मराठी करायचं. अर्थ लावायला वेळ नाही, कोश उघडायला तर नाहीच. एप्रिल १९८६ च्या अखेरीस चेर्नोबिलची बातमी आली. 'मेल्टडाऊन' म्हणजे काय लिहायचं? मी लिहिलं, 'अणुभट्टीचा गाभा वितळला'. वरिष्ठांनी ते खोडून 'गर्भद्रवण' केलं. सकाळी खालच्या चहावाल्यानं पेपर पुढे धरला. "साहेब, रशियात बायाईले काही झालं काय?"

तो किस्सा हसण्यावारी गेला. पुढचं मात्र अजून गेलं नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, एका बातमीत मी 'वावर' लिहिलं. लाल पेनानं खोडलं गेलं. "शेत लिहा. वावर काय, गावंढळ!" धुरा, म्हणजे बांध, तोही खोडला; डवरणी, म्हणजे कोळपणी, तीही खोडली. मीही शहाणा झालो आणि माझ्या हाताखालच्या पोरांचे वऱ्हाडी शब्द खोडू लागलो, हे आज सांगायला हवं. पुढे शहराबाहेर पैसेवाल्यांची घरं उठली, तेव्हा त्याच टेबलावरून 'फार्महाऊस' निमूटपणे छापून गेलं. वावर गावंढळ आणि फार्म चालतं!

शब्द पाडण्याचा कारखाना या शहरानं पाहिला आहे. नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं तेव्हा डॉ. रघुवीर इथे बसून धातूला उपसर्ग आणि प्रत्यय जोडत कारभाराचे शब्द घडवत होते. १९५५ चा त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश हातात घेतला की मनगट दुखतं. अफाट विद्वान माणूस. नंतर महाराष्ट्र सरकारचा पदनाम कोश आला, त्याला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटलं. आम्हीही त्यावर पुष्कळ हसलो. तरी त्यातले कितीतरी शब्द पाट्यांवर चढले आणि रुळले, हे म्हातारपणी कबूल करतो. 'भ्रमणध्वनी' मात्र रुळला नाही. तो येईपर्यंत मोबाईल खिशात जाऊन बसला होता. सावरकरांनी 'दिग्दर्शक' दिला तेव्हा मराठी सिनेमा नुकता बोलायला लागला होता. शब्द वेळेवर पोचला, म्हणून टिकला.

इंग्रजांचं मला एकच आवडतं. १८७९ साली जेम्स मरे यांनी वाचकांना विनंती केली, की शब्द दिसला की तो असलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवून धाडा. त्या चिठ्ठ्यांवर ऑक्सफर्डचा कोश उभा राहिला. पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. शब्द घराण्याचा आहे का, हे तिथे विचारत नाहीत. कुणी वापरला, कुठे, कधी, एवढंच. म्हणून आपलं मुंगूस तिथे मंगूस होऊन बसलं आणि आपल्या कचेऱ्यांतलं 'प्रीपोन'सुद्धा. 'सेल्फी'ची जुनी नोंद २००२ ची, एका ऑस्ट्रेलियन माणसाची. प्यायल्यावर पडून त्याचा ओठ फुटला होता, त्याच्या फोटोविषयी लिहिताना त्यानं तो शब्द वापरला. २०१३ मध्ये तोच वर्षाचा शब्द ठरला. आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच रात्री खोडला असता.

आणि आपल्याकडे? बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे तणनाशक सोसणारं बिनपरवान्याचं बियाणं गुपचूप येऊ लागलं. आपल्या शेतकऱ्यांनी त्याला नाव दिलं 'चोर बीटी'. दोन शब्दांत कायदा, बाजार आणि नाइलाज, तिन्ही! कोणत्या समितीला हे सुचलं असतं? तुमच्यातलं कुणी उद्या शेतकी खात्यात बसेल, कुणी दवाखान्यात, कुणी वर्तमानपत्रात. तिथे पहिला अहवाल लिहाल तेव्हा असा शब्द समोर येईल. तो खोडू नका. साहेब खोडायला सांगतील, तरी खोडू नका. अर्थ हवा तर पुढे लिहा; शब्द राहू द्या.

कारण वस्तू जातात, आणि शब्द लिहून ठेवला नाही तर त्याचा अर्थही जातो. कॉटन मार्केटला आता भाजी मिळते. १८७७ सालची एम्प्रेस मिल गेली, तिच्या जागेवर एम्प्रेस मॉल आला. माझ्या लहानपणी आई घड्याळ बघत नसे, गिरणीचा भोंगा ऐकायची. "पहिला भोंगा झाला, ऊठ," म्हणायची. परवा नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, भोंगा म्हणजे लाऊडस्पीकर ना?"

रिटायर होताना मी खोडलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या करायला बसलो. चपलेच्या खोक्यात ठेवतो. आठवतील तितके लिहिले आहेत, आणि वावर सगळ्यात वर आहे.