मंत्रिमंडळ : सामूहिक निर्णयाचे महत्त्व



आपल्या राज्यघटनेनुसार केंद्रीय मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. तीत सर्व दर्जांचे मंत्री येतात. प्रमुख धोरणे मात्र कॅबिनेट मंत्र्यांचे मंत्रिमंडळ ठरविते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपुरती मर्यादित झाली.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणीची उद्घोषणा निघाली; मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज राष्ट्रपतींनी अशी उद्घोषणा करू नये, असे बंधन घातले. ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द घटनेत आला तो तेव्हाच.

आधी विचारविनिमय, मग निर्णय, हेच या पद्धतीचे मर्म होय. ग्रामपंचायतीच्या सभेलाही ते तितकेच लागू आहे.