मज्जारज्जूची इजा आणि भांगेचें औषध

पाठीचा कणा मोडून मज्जारज्जूस इजा झाली, म्हणजे कमरेखालील शरीर निश्चेष्ट पडतें व मग तेथें वेदनाही उरत नाहीं, असा सार्वत्रिक समज आहे. पुष्कळदां वस्तुस्थिति उलट असते. मेंदूचा अंकुश सुटल्यामुळें पायांचे स्नायु आपल्याच तंत्रानें आखडतात. रात्रीं पांघरुणाचा नुसता स्पर्श झाला तरी गुडघे ताडकन् पोटाशीं येतात. ज्या पायाला टांचणी टोंचलेली कळत नाहीं, त्याच पायांत अहोरात्र आग होत राहते. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन हीं औषधें कित्येकांना गुण देतात, कित्येकांना देत नाहींत. अशा घरांत केव्हां ना केव्हां कोणी आप्त हळूच भांगेची गोळी आणून देतो.

हा उपाय अडाण्यांचा म्हणून हंसण्यावारीं नेतां येत नाहीं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील प्राध्यापक ओ'शॉनेसी (पुढें या देशांत तारायंत्र उभारलें तें यांनींच) यांनीं १८३९ च्या सुमारास धनुर्वाताच्या रोग्यांना गांजाचा अर्क दिला व स्नायूंचे आंचके शिथिल झाल्याचें नमूद केलें. असें कां व्हावें, हें कळावयास दीडशें वर्षें लागलीं. १९६४ सालीं इस्राएलांत राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनीं गांजांतील मादक सत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. १९९२ सालीं मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेंत मेंदूंत स्वभावतःच असणारें तत्सम द्रव्य सांपडलें. 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याचें नांव 'अ‍ॅनंडमाइड' ठेवण्यांत आलें. अशा द्रव्यांना ग्रहण करणारीं स्थानें मज्जारज्जूंतही आहेत.

मग गुण येतो काय? २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत मज्जारज्जूच्या इजेचे वा विकाराचे ४२ रोगी होते. गांजाची वाफ हुंगल्यावर त्यांच्या वेदना निःसत्त्व वाफेच्या मानानें कमी झाल्या. मात्रा वाढली तशी झिंगही वाढली. प्रयोग कांहीं तासांचाच होता. मला हा पुरावा आशादायक वाटतो, पुरेसा वाटत नाहीं. ब्रिटनमध्यें २०१० सालीं तोंडांत फवारण्याचा जो अर्क मान्य झाला, तोही मल्टिपल स्क्लेरोसिसमधील ताठरपणासाठीं.

धोका मात्र या रोग्यांना इतरांहून अधिक. मान मोडलेल्याचा खोकला दुबळा. त्यानें चिलीम ओढल्यास कफ बाहेर पडावा कसा? बसतें करतांच त्याचा रक्तदाब आधींच उतरतो, तो गांजानें आणखी उतरूं शकतो. गोळींत सत्त्व किती, हें विकणाऱ्यालाही ठाऊक नसतें. पोटांतून घेतलेली भांग उशिरां चढते, म्हणून घाईनें दुसरी गोळी दिली जाते. १९८५ च्या कायद्यानें गांजा-चरसाला बंदी करतांना औषधी उपयोगाची वाट मोकळी ठेविली. पण मोजलेली, तपासलेली मात्रा सामान्य रोग्याच्या हातीं सहसा पडत नाहीं.

घरांत अशी गोळी चालूं असेल, तर डॉक्टरला स्पष्ट सांगा. डॉक्टरनेंही रागावूं नये. आणि आंचके एकाएकीं वाढले, तर कोणतेंही औषध वाढविण्यापूर्वीं लघवीची नळी तुंबली आहे काय, शय्याव्रण झाला आहे काय, तें पाहा. नळी मोकळी होतांच रात्रभर उडणारे पाय शांत झालेले मीं अनेकदां पाहिले आहेत.